ऑपरेशन करूनही परत आलेल्या शिरा आणि फोमची इंजेक्शनं

साताऱ्यात माझं मेडिकलचं दुकान आहे, म्हणजे सकाळी शटर वर गेलं की रात्री दहापर्यंत काउंटरमागं उभं, मधे दुपारी जेवायला काय घरी जाईन तेवढंच. वडील एसटीत कंडक्टर होते, त्यांचीही सगळी नोकरी उभ्यानंच गेली. त्यांच्या डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला एक जखम होती, भरायची, परत उघडायची, ते ड्रेसिंग बघत बघतच आम्ही भावंडं मोठी झालो. घरात सगळे तिला शुगरची जखम म्हणायचे, आणि शुगर तर त्यांना नव्हतीच. पायातल्या शिरा खराब झाल्यावर अशी जखम होते हे मला डी.फार्म.ला असताना कळलं, तोवर त्यांची रिटायरमेंट जवळ आलेली. उभं राहायचा धंदा आणि शिरा, असं दोन्ही मला घरातनंच मिळालं म्हणायचं.

माझ्या डाव्या पायातल्या फुगलेल्या शिरांचं, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्सचं, ऑपरेशन २००९ साली झालेलं. तेव्हा आपल्याकडं लेसर वगैरे फारसं नव्हतं निदान आमच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं, कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केला, जांघेत कापलं, तिथं मोठी शीर बांधली आणि गुडघ्यापर्यंत ओढून काढली. मांडी पार काळीनिळी झालेली आणि दुकानावर परत यायला बरेच दिवस गेले. पण पाय चांगला झाला, सात-आठ वर्षं मी विसरूनच गेलो होतो की मला काही त्रास होता.

मग हळूहळू परत सुरू झालं. संध्याकाळी पाय जड, सॉक्सचा वळ खोल उमटायचा, रात्री पोटरीत गोळे यायचे ते एवढे की ओरडत उठायचो. मांडीच्या आतनं आणि पोटरीवर परत गाठीगाठी दिसायला लागल्या, पहिल्यापेक्षा वेड्यावाकड्या. मी शिरांसाठीच्या डायोस्मिनच्या गोळ्या घेतल्या (दुकान आपलंच), त्यानं जडपणा थोडा कमी वाटतो हे खरंय, पण बिघडलेली झडप गोळीनं दुरुस्त होत नाही. एका गिऱ्हाइकानं जळवा लावायला सांगितलं, एकानं कसलंतरी तेल आणून दिलं, मी हो हो म्हणून सगळं ठेवून दिलं. पण घोट्याच्या आतली कातडी खाजायला लागली आणि तपकिरी झाली तेव्हा मात्र दचकलो, कारण वडिलांची जखम बरोबर तिथंच होती.

झडपेचं थोडक्यात सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं सगळं उगाच वाटतं. पायातलं रक्त वर हृदयाकडं ढकलायचं काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात, आपण चाललो की ते दाबले जातात आणि रक्त वर जातं. वर गेलेलं परत खाली येऊ नये म्हणून शिरांच्या आत छोट्या छोट्या झडपा असतात. त्या नीट मिटेनाशा झाल्या की रक्त खाली साचतं, शीर ताणली जाते, फुगते, वळ्या पडतात. असं वर्षानुवर्षं चाललं की घोट्याजवळ दाब इतका वाढतो की रक्तातला काही भाग कातडीत झिरपतो, त्यातल्या लोहानं डाग पडतात, कातडी कडक होते आणि एक दिवस साध्या खरचटण्याची जखम होते ती भरतच नाही. डॉक्टर लोकांनी याच्या पायऱ्या केल्यात, सी१ म्हणजे बारीक जाळं, सी२ म्हणजे फुगलेल्या शिरा, सी३ सूज, सी४ कातडीत बदल, सी५ भरलेली जखम आणि सी६ म्हणजे उघडी जखम. वडील सी६ होते, मी सी४ ला पोचलेलो.

इथल्या सर्जननी पाय बघितला आणि सरळ सांगितलं की पुण्यात व्हस्क्युलरवाल्यांकडं, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडं जा, एकदा ऑपरेशन झालेल्या पायात मी हात घालणार नाही. मला हे आवडलं, खरंच. मग पुण्यात एका मॅडमकडं गेलो, वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण बोलणं एकदम मोकळं.

पहिलं काम डॉपलर. सोनोग्राफीच असते पण यात रक्त कुठल्या दिशेनं जातंय ते रंगात दिसतं, आणि शिरांसाठी ती उभं राहूनच करायची असते. हे मुद्दाम सांगतो कारण माझ्या एका गिऱ्हाइकाचं कुठंतरी नुसतं झोपवून केलं आणि सगळं नॉर्मल आहे म्हणून घरी पाठवलं. झोपल्यावर शिरा रिकाम्या होतात, मग त्यात उलटं जाणारं रक्त नीट कसं सापडणार. तर मला एका स्टुलावर उभं केलं, वजन उजव्या पायावर, डावा सैल, गार जेल लावलं आणि मॅडम पोटरी दाबायच्या आणि सोडायच्या. दाबलं की रक्त वर, सोडलं की थांबायला पाहिजे. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटं वाहिलं तर झडप गळतीय असं धरतात. माझं सोडल्यावर स्क्रीनवर लाल झालं ते लालच राहिलं आणि मशीनमधनं घूंऽऽऽ असा आवाज येत राहिला, मेव्हणा बरोबर होता तो म्हणाला अजून चालूच हाय की. खोलातल्या शिरा मात्र साफ होत्या, गुठळी नव्हती, आणि पुढचं सगळं त्यावरच अवलंबून होतं.

मॅडमनी कागदावर पाय काढून दाखवला. २००९ ला मोठी शीर काढली ती गेलीच, ते ऑपरेशन फसलं वगैरे काही नाही. पण जांघेतल्या त्या जागी बारीक बारीक नवीन शिरा तयार झाल्या, अशा ऑपरेशननंतर हे होऊ शकतं, आणि त्यातनं गळती होऊन मांडीतल्या बाजूच्या फांद्या फुगल्या. शिवाय घोट्याच्या वर एक आडवी शीर, जी वरच्या आणि आतल्या शिरांना जोडते, परफोरेटर म्हणतात, ती पण गळत होती.

मी आपला लेसरची तयारी करून गेलेलो. मॅडम म्हणाल्या, "काका, लेसरची वायर सरळ शिरेतनं जाते, तुमच्या शिरा जिलबीच्या वेटोळ्या आहेत, वायर पहिल्याच वळणावर अडकेल. इथं फोमच चालतो, म्हणजे औषधाचा फेस करून शिरेत टोचायचा, तो वळणावळणानं जातो." मग स्वतःच पुढं म्हणाल्या की तुमची मोठी शीर शाबूत असती तर मी फोम पहिला सुचवला नसता. मला त्याचं कौतुक वाटलं, कारण स्वस्तातलं इंजेक्शन म्हणून कुणालाही फोम मारणारेही आहेत. घरी आल्यावर मुलीनं, ती बी.फार्म.ला आहे, शोधून दाखवलं. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना काढणाऱ्या नाइस या संस्थेनं २०१३ मध्ये क्रमच लावून दिलाय, आधी लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीनं शीर आतनं जाळणं, ते जमत नसेल तर फोम, तेही जमत नसेल तर ऑपरेशन. आणि तिकडच्याच एका मोठ्या अभ्यासाचा पाच वर्षांनंतरचा निकाल २०१९ ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला, त्यात लेसर आणि ऑपरेशनवाले पेशंट फोमवाल्यांपेक्षा जास्त बरे निघाले. फोमनं बंद केलेली शीर परत उघडायचं प्रमाण जास्त असतं, पुन्हा पुन्हा टोचून घ्यावं लागू शकतं. हे सगळं माहीत असूनही माझ्यासारख्या पायाला फोमच बरा, कारण परत कापायचं म्हणजे जुन्या जखमेच्या व्रणातनं वाट काढायची.

त्याआधी एक लांबलचक प्रश्नावली. कधी गुठळी झालेली का, घरात कुणाला, अर्धशिशी आहे का, डोळ्यापुढं चमकतं का, हृदयात जन्मापासून छिद्र असल्याचं कुणी सांगितलंय का, कसली अॅलर्जी. बायकांना गरोदरपण आणि गर्भनिरोधक गोळ्यांचं विचारतात. मॅडमनी पावलाची नाडीही हातानं बघितली. याचं कारण मला धंद्यामुळं माहीत होतं, पायाकडं शुद्ध रक्त घेऊन येणाऱ्या धमन्याच अरुंद असतील, शुगरवाल्यांच्यात, सिगरेटवाल्यांच्यात हे असतं, तर इंजेक्शननंतर जे घट्ट मोजे घालायचे असतात त्यांनी पाय सुधारायच्या ऐवजी काळा पडेल. आमच्या दुकानात लोक येतात आणि चिठ्ठीशिवाय "ते शिरांचे मोजे द्या" म्हणतात, मी देत नाही, मग रागावून समोरच्या दुकानात जातात.

ठरलेल्या दिवशी नाश्ता करून या म्हणलेले, उपाशी नको. आदल्या रात्री मांडीपासून खालपर्यंत केस काढायचे होते, त्याचं घरात काय हसं झालं ते सोडा. मॅडमनी परत उभं करून मार्करनं शिरांवर रेघा मारल्या, झोपल्यावर त्या गायब होतात म्हणून, आणि मग टेबलावर घेतलं.

माझी खरी उत्सुकता फोम कसा करतात यातच होती. औषध सोडियम टेट्राडेसिल सल्फेट, ३ टक्क्यांचं अँप्युल, ते जागेप्रमाणे पातळ करून घेतात. हे डिटर्जंट जातीचं औषध आहे, शिरेच्या आतलं अस्तर मारतं, मग शीर आकसते, आतल्या भिंती एकमेकींना चिकटतात, आणि पुढच्या काही महिन्यांत शरीर तिचा नुसता दोरा करून टाकतं. रक्त तिथनं वळून चांगल्या शिरांतनं जायला लागतं. बारीक शिरांना पॉलिडोकॅनॉल वापरतात, ते तर मुळात बधिर करायचं औषध म्हणून आलेलं, त्यामुळं झोंबत कमी.

तर एका सिरिंजमध्ये एक भाग औषध, दुसऱ्या सिरिंजमध्ये चार भाग हवा, मधे आपला तो सलाईनला लावतात तो थ्री-वे, म्हणजे तीन तोंडांची छोटी तोटी, आणि इकडनं तिकडं, तिकडनं इकडं वीसेक वेळा जोरात ढकलायचं. बघता बघता पाण्यासारखं औषध दाढीच्या फेसासारखं पांढरंशुभ्र घट्ट होतं. ही पद्धत टेसारी नावाच्या इटालियन डॉक्टरनं २००० साली मांडली. त्याआधीही औषधात हवा मिसळायचे प्रयोग झालेले होते पण ते प्रत्येकाला जमण्यातलं नव्हतं, यानं थ्री-वे लावून ते कुठल्याही दवाखान्यात होण्यासारखं केलं. मी आयुष्यभर थ्री-वे विकले, त्यातनं हे होतं हे कधी डोक्यातही आलं नव्हतं.

हवा कशाला घालायची असा प्रश्न कुणालाही पडेल, आपल्याला तर लहानपणापासून शिरेत हवा गेली की माणूस मरतो एवढंच माहीत. नुसतं पातळ औषध शिरेत सोडलं तर ते रक्तात मिसळून लगेच कमजोर पडतं आणि पुढं वाहून जातं. फेस रक्ताला बाजूला सारतो, शीर भरून टाकतो आणि भिंतीला चिकटून राहतो, म्हणून थोड्याच औषधात काम होतं. आणि सोनोग्राफीत तो एकदम पांढरा चमकतो, कुठवर गेला ते डोळ्यांनी दिसतं. बुडबुडे अगदी बारीक असतात आणि एका वेळेला एकूण फेस साधारण १० मिलिच्या आत ठेवतात. पण फेस मिनिट-दोन मिनिटांत परत पातळ व्हायला लागतो, म्हणून केला की लगेच टोचायचा, आधी करून ठेवता येत नाही. सिस्टर दर वेळी ताजा करून देत होती, टचक टचक टचक आवाज सारखा चालू.

टोचणं म्हणाल तर सोनोग्राफीत बघत बघत बारीक बटरफ्लाय सुई शिरेत घातली, मागं थोडं रक्त ओढून खात्री केली, पाय उशीवर उंच केला म्हणजे शीर रिकामी, आणि मग फेस. सुईचं काही नाही, रक्त तपासायला देतो तेवढंच. फेस जाताना मात्र मांडीत आतनं एक मंद ठसठस सुरू झाली आणि शीर आवळल्यासारखी वाटली, खरोखरच ती आवळत असते. दुखणं असं नाही पण बरं पण नाही. प्रत्येक वेळी मॅडम म्हणायच्या "पंजा वर-खाली करा, करत राहा", म्हणजे पोटरी दाबली जाऊन खोलातल्या शिरांतलं रक्त जोरात वाहतं आणि चुकून तिकडं गेलेला फेस धुऊन निघतो. मी इतक्या मन लावून पंजा हलवला की पायात गोळाच आला.

भूल नाही, टाके नाहीत, अर्ध्या-पाऊण तासात सगळं आटोपलं. रेघांवर कापसाच्या घड्या ठेवल्या, वरनं बँडेज आणि त्यावर मांडीपर्यंतचा क्लास दोनचा, म्हणजे मध्यम दाबाचा घट्ट मोजा. आणि मग उठून बसायच्या वेळेला माझ्या डाव्या डोळ्याच्या कडेला नागमोडी चमकणारी रेघ दिसायला लागली, ती सरकत मधोमध आली आणि वाचायला गेलो तर भिंतीवरची अक्षरं तुटक दिसायला लागली. घाम फुटला मला. मॅडमना सांगितल्यावर त्यांनी परत आडवं केलं, बीपी बघितलं, हात उचला, हसून दाखवा, नाव सांगा असं सगळं करून घेतलं, आणि वीसेक मिनिटांत ते आपोआप गेलं, थोडं डोकं दुखलं नंतर. हे काही जणांना होतं, अर्धशिशी असणाऱ्यांना जास्त. साधारण चारातल्या एका माणसाच्या हृदयात दोन कप्प्यांमधे जन्माआधीचं एक बारीक छिद्र नीट मिटलेलं नसतं आणि त्याला ते आयुष्यभर कळतही नाही, तिथनं बुडबुडे पलीकडं जाऊ शकतात. माझं तेच असेल असं नाही, असं मॅडम म्हणाल्या, पण पुढच्या वेळी फेस कमी घ्यायचा, थांबत थांबत टोचायचं आणि नंतर जास्त वेळ झोपवून ठेवायचं असं फायलीवर लिहून ठेवलं. दुसऱ्या खेपेला काही झालं नाही. मी हे घाबरवायला लिहीत नाहीये, पण मला आधी विचारलेलं असल्यामुळं ते काय आहे ते कळलं तरी, नाहीतर मला लकवाच वाटला असता.

त्यानंतर लगेच अर्धा तास चालायचं. दवाखान्याच्या आवारात मी आणि मेव्हणा फेऱ्या मारत होतो. साताऱ्याला परत येताना सलग बसायचं नाही म्हणून खेड शिवापूरला उतरून चाललो, शिरवळला उतरून चाललो, खंबाटकी ओलांडून परत. मेव्हणा वैतागला, म्हणाला दाजी तुम्ही चालतच या, मी गाडी घेऊन पुढं होतो.

आता मोजे. बँडेजसकट रात्रंदिवस मोजा सुरुवातीचे काही दिवस, आंघोळीला प्लॅस्टिकची पिशवी बांधून, नंतर बँडेज काढून मोजा नुसता दिवसा, असं काही आठवडे. किती दिवस घालायचा याबद्दल डॉक्टरांच्यातही मतं वेगळी आहेत, तुमचे सांगतील तेवढे घाला. मे महिन्यात मी हे केलं, ते सोयीचं अजिबात नव्हतं. मोज्याच्या वरच्या टोकाला सिलिकॉनची पट्टी असते ती मांडीला धरून राहते, त्याखाली घाम येऊन पुरळ उठतं, मी तिथं सुती कापडाची पट्टी आत घालायचो. माप सकाळी उठल्या उठल्या घ्यायचं, सूज यायच्या आत, घोटा, पोटरी, मांडी तिन्हीकडचं. आणि घालायचा पण अंथरुणातनं उतरायच्या आत. पुढनं बोटं उघडी असलेला मोजा असेल तर पावलावर आधी गुळगुळीत प्लॅस्टिकची पिशवी चढवायची, तिच्यावरनं मोजा सरकतो, टाच बसली की पिशवी बोटांकडनं ओढून काढायची. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड चांगली येते, नखं लागून मोजा फाटत नाही. दुकानात लोक मला कायम एक साइज मोठा मागतात, सैल असलेला बरा म्हणून. सैल मोजा मग घ्यायचाच कशाला, साधा बाटाचा घ्या की.

रोज सकाळ-संध्याकाळ चालायचं. मी राजवाड्यावरनं पोवई नाक्यापर्यंत आणि परत, घट्ट मोज्यात. चाललं की बरं वाटायचं, एका जागी उभं राहिलं की ठणका. म्हणून दुकानात उंच स्टूल आणलं, बायको आणि पोरगा काउंटर बघायचे आणि मी बसून बिलं. गरम पाण्यानं पाय शेकायचे नाहीत, लांबचा विमानप्रवास नाही, जड उचलायचं नाही. आणि पोटरी एकदम सुजली, दम लागला, छातीत दुखलं तर वाट न बघता हॉस्पिटल, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलेलं, कारण खोल शिरेत गुठळी होणं दुर्मिळ असलं तरी होऊ शकतं. म्हणूनच काही दिवसांनी परत डॉपलर करतात.

इंजेक्शनपेक्षा मला त्रास झाला तो पुढच्या आठवड्यांत. बँडेज सोडल्यावर बघतो तर शिरा गेलेल्या नाहीतच, उलट जास्त टणक! मांडीच्या आतनं कडक दोरीच लागायची हाताला, दाबलं की दुखायचं, वरनं लाल. बायको म्हणाली पैसे पाण्यात गेले. मॅडमना फोटो पाठवला तर म्हणाल्या शीर बंद झालीय म्हणूनच कडक लागतेय, बंद झाली नसती तर उभं राहिल्यावर फुगली असती आणि पाय वर केल्यावर रिकामी झाली असती. हे मी लगेच करून बघितलं, खरंच, पाय भिंतीला लावून वर केला तरी गाठ तशीच. पोटरीवर दोन ठिकाणी बंद शिरेत जुनं रक्त अडकून राहिलेलं, ते फार ठणकायचं. तपासायला गेलो तेव्हा त्यांनी जाड सुईनं छोटं भोक पाडून दाबून काढलं, काळपट घट्ट रक्त निघालं, आणि दाब तिथल्या तिथं उतरला. ते तसंच ठेवलं तर दुखतं जास्त दिवस आणि डागही जास्त पडतात म्हणे.

डाग पडलेच तसे. शिरांच्या वाटेनं तपकिरी पट्टे, उन्हाळ्यात हाफ पँट घातली की स्पष्ट दिसायचे. महिन्यामहिन्यानं फिके होतायत, वर्ष लागतं बहुतेकांना, एखाद्याचे राहतातही. मी पुरुष माणूस, मला काय, पण दुकानात एक तरुण मुलगी विचारायला आलेली तिला मी हे आधी सांगितलं, कारण ती निव्वळ दिसण्यासाठीच करणार होती आणि सहा महिन्यांवर तिचं लग्न.

दुसरी खेप खालच्या फांद्या आणि परफोरेटरसाठी केली, पहिल्यापेक्षा सोपी. खर्च मला एका खेपेला २५ हजाराच्या आसपास आला, डॉपलर वेगळं. लेसरचं मी ज्यांच्याकडं विचारलं त्यांनी एका पायाचे लाखाच्या घरात सांगितलेले. मेडिक्लेमवाल्यांनी मात्र हात वर केले, म्हणे ही ओपीडीतली प्रोसिजर, अॅडमिशन नाही. बऱ्याच पॉलिसींमध्ये व्हेरिकोज व्हेन्सला सुरुवातीला दोन वर्षांचा वेटिंग पीरियडही असतो. मी फाईल जोडून परत अर्ज केला, डे-केअरच्या यादीत बसतं का बघा म्हणून, पत्र आलं की नियमात बसत नाही, विषय संपला. तुम्ही आधी लेखी विचारून घ्या, फोनवर सगळे "हो जाईल" म्हणतात.

आत्ता म्हणाल तर रात्रीचे गोळे थांबले, हा सगळ्यात मोठा फरक. खाज गेली. घोट्याजवळची कातडी मऊ झाली, रंग पूर्ण गेलेला नाही आणि जाईल असं मॅडम म्हणालेल्याही नाहीत. दिवसभराच्या उभ्या कामानंतर थोडी सूज असतेच, दुकानात मी अजूनही गुडघ्यापर्यंतचा मोजा घालतो. मागच्या डॉपलरमध्ये मांडीतल्या शिरा बंद दिसल्या, घोट्यावरचा परफोरेटर मात्र थोडा उघडलाय. लगेच काही करायचं नाही म्हणाल्या, जखम नाही, त्रास नाही, उगाच टोचत बसायचं नाही. दिवाळीनंतर परत बोलावलंय, तेव्हा गरज वाटली तर तेवढ्यालाच एक छोटा फोम, आणि उजव्या पायाचंही बघून घेऊ म्हणाल्यात, त्यात पण पोटरीवर काहीतरी दिसायला लागलंय.